सुरुवात पगाराच्या वहीपासून: नव्या ख्रिस्ती कारखानदारासाठी

जय ख्रिस्त. नगरच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, शेडची कामं आणि दोन कंपन्यांचं जॉबवर्क. माणसं चौदा. शेडच्या उद्घाटनाला पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, दारावर वचनाची पाटी लागली, आणि मला वाटलं की धंदा प्रभूच्या हाती दिला. पुढची दोन-तीन वर्षं त्याच पाटीखालून माझे वेल्डर महिन्याच्या पंधरा तारखेला अर्धा पगार घेऊन घरी जात होते. इकडे मी चर्चच्या मंडळीत उभा राहून धंद्याच्या आशीर्वादाची साक्ष देत होतो.

तुम्ही नुकतंच युनिट टाकलं असेल किंवा वडिलांच्या हातून दुकान तुमच्याकडे आलं असेल, आणि शास्त्राप्रमाणे चालवायचं म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं करायचं काय, हा प्रश्न पडला असेल, तर हे वाचा. पायऱ्यांचा क्रम मी ठेच लागून शिकलोय, त्यामुळे शक्यतो तो बदलू नका.

आधी हाताशी काय हवं

- हजेरीवही आणि पगारपत्रक, कामगाराच्या सहीसकट
- उचलीची वेगळी वही
- उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका)
- जीएसटी, ईएसआय (कामगार विमा) आणि लागू असेल तर पीएफची चलनं, महिन्यावार लावलेली
- वजनकाट्याचं पडताळणी प्रमाणपत्र
- तीन बँक खाती: धंद्याचं चालू खातं, पगाराचं राखीव खातं, घरचं बचत खातं
- मराठी पवित्र शास्त्र, पण ऑफिसच्या टेबलावर, हिशोबाच्या वह्यांशेजारी. शोकेसमध्ये ठेवलं की उघडलं जात नाही.

१. पगाराची तारीख

लेवीय १९:१३ सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही. अनुवाद २४:१५ त्याचं कारण देतं: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो, म्हणून सूर्य मावळण्याआधी द्या. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. ही वचनं मी संडे स्कूलमध्ये पाठ केली होती. मला ती समजली एका जुलैत. रात्री साडेआठला माझा वेल्डर भिजत दाराशी उभा होता. मुलीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे हवे होते. मी सवयीनं म्हटलं, "आता उचल देता येणार नाही." तो म्हणाला, "शेठ, उचल मागत नाही. माझाच पगार मागतोय."

कायद्यानं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. ती शेवटची तारीख आहे, आपली ५ ठेवा. त्यासाठी हे करा:

कुठल्याही बिलाचे पैसे आले की त्यातला पगाराचा हिस्सा त्याच दिवशी राखीव खात्यात टाका. एका महिन्याचा पूर्ण पगार त्या खात्यात शिल्लक राहीपर्यंत नवं मशीन घेऊ नका. मला एवढं जमायला चौदा महिने लागले आणि त्या काळात प्लाझ्मा कटिंगचं स्वप्न बाजूला ठेवावं लागलं. स्वतःचा घरखर्च पगार वाटून झाल्यावर घ्या. नहेम्या यहूदाचा सुभेदार होता. लोकांवर आधीच ओझं आहे म्हणून त्यानं बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही (नहेम्या ५:१४). आपल्याला बारा वर्षांची गरज नाही, पाच-सात दिवस थांबलो तरी पुरे.

ओव्हरटाइम दुप्पट दरानं मोजा. "चहा-नाश्ता दिला होता ना" हा हिशोब चालत नाही, कायद्यातही नाही आणि शास्त्रातही नाही.

सगळ्यात मोठा खड्डा कपातीचा. ईएसआय दहा माणसांपासून लागू होतो: कामगाराचा ०.७५ टक्के, आपला ३.२५. पीएफ वीस माणसांपासून, मात्र कमी माणसं असली तरी स्वेच्छेनं घेता येतो. दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम "पुढच्या महिन्यात एकदम भरू" म्हणून शीटमेटलच्या बिलात फिरवली, तर ती चोरीच. आपल्या मंडळ्यांत याला चोरी म्हणायची पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आणि "पार्टीनं पैसे दिले नाहीत" हे कारण कामगाराला सांगू नका. ते भांडण आपलं आणि पार्टीचं. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि युनिट सूक्ष्म किंवा लघु असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं खरेदीदाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. एका मोठ्या कंपनीनं माझे पैसे पाच महिने अडवले होते. मी फक्त प्रार्थना करत बसलो, पत्र लिहिलं नाही. शेवटी सीएनं कायद्याचं कलम घालून दोन ओळींचं पत्र दिलं आणि नवव्या दिवशी पैसे जमा झाले. प्रार्थना करा, पण पत्रही लिहा.

तोच नियम आपल्यालाही लागू. माझा बोल्ट-नट पुरवणारा माझ्याहून लहान आहे. त्याचं बिल मी किती दिवस ठेवतो?

२. उचल: द्या, पण दोर बांधू नका

आपल्या नगर-बीड भागात उचल म्हणजे काय ते सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाच्या उचलीपायी हंगामामागून हंगाम कशा अडकतात ते आपण लहानपणापासून पाहतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, सवय मात्र शेडमध्ये शिल्लक आहे: उचल फिटेपर्यंत सोडून जायचं नाही.

माझा नियम असा. व्याज शून्य (निर्गम २२:२५). रक्कम जास्तीत जास्त अर्ध्या पगाराएवढी. आजारपण असेल तर वेगळा विचार. फेड चार हप्त्यांत, वहीत दोघांच्या सह्या. आणि माणूस दुसरीकडे निघाला तर त्याला उचलीवरून अडवायचं नाही, उरलेली रक्कम हप्त्यानं पाठव म्हणायचं. दोघांनी पाठवली नाही. बाकीच्यांनी पाठवली.

३. काटा आणि गेज

अनुवाद २५:१३ मध्ये पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नका असं आहे. आमच्या धंद्यात ती दोन वजनं म्हणजे १६ गेज आणि १८ गेज. सोळा गेजचा पाइप साधारण १.६ मिलिमीटर जाड, अठराचा १.२. रंग मारल्यावर गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. कोटेशन सोळाचं आणि माल अठराचा, असं गेट दहा वर्षांनी बिजागरीपाशी कुजतं. तोवर कोण विचारतं?

काय करायचं: कोटेशनमध्ये गेजबरोबर जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. डिलिव्हरीच्या वेळी गिऱ्हाइकासमोर पाइपच्या उघड्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून दाखवा. अर्धा मिनिट लागतो. किलोवर काम घेत असाल तर काट्याला वजनमापे खात्याचा शिक्का दर वर्षी करून घ्या आणि प्रमाणपत्र काट्याशेजारीच लावा. वचनाच्या पाटीपेक्षा गिऱ्हाईक ते आधी वाचतं.

आधीच असा माल दिला असेल तर? जकातदार जक्कयानं फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं (लूक १९:८). मी चौपट केलं नाही, खरं सांगतो. दोन गेट स्वखर्चानं बदलून दिली, एका गिऱ्हाइकाला फरकाचे पैसे दिले. तिसऱ्याचा पत्ता सापडला नाही.

४. एकच दर

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे दुकानदार घासाघीस करत नसत. त्यांचं म्हणणं साधं होतं: ऐंशीला द्यायची तयारी असताना शंभर सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि मत्तय ५:३७ सांगतं की तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. गंमत अशी की लहान मूल पाठवलं तरी फसवणूक होत नाही म्हणून लोक त्यांच्याच दुकानी जाऊ लागले. कॅडबरी आणि राउंट्री ही चॉकलेटवाली घराणी त्याच पंथातली.

नगरच्या बाजारात हे जसंच्या तसं चालेल का? पूर्ण नाही. आपल्याकडे दर न तोडणाऱ्या माणसाला लोक गर्विष्ठ समजतात. मी मधला रस्ता काढलाय. कोटेशनमध्ये माल, मजुरी, रंग, वाहतूक आणि माझा नफा अशा पाच ओळी उघड लिहितो. गिऱ्हाईक कमी करा म्हणालं की विचारतो, यातलं काय कमी करू? डिझाइन साधं करू, की रंगाचा हात एकानं कमी करू? मजुरीच्या ओळीला हात लावत नाही. काही कामं हातची जातात. ती जाणार हे धरूनच महिन्याचं गणित मांडा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तत्त्व आणि भाडं यांची गाठ पडते.

५. आधी देणी, मग दशांश

इथे नवीन माणूस हमखास घसरतो, कारण हेतू चांगला असतो. दशांश उलाढालीवर काढू नका. बिलात जो जीएसटी असतो तो सरकारचा, त्यात शीटवाल्याचे पैसे असतात, कामगारांचे असतात. त्या सगळ्यातून दहा टक्के देवाला देणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून अर्पण. धंद्यातून घरी जे नेता, त्यावर दशांश द्या, घरच्या खात्यातून.

मार्क ७:११ मधलं "कुर्बान" आठवा. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूनं फटकारलं होतं. मी एका नाताळात मंडळीच्या छपरासाठी मोठी रक्कम लिहून दिली, आणि त्याच आठवड्यात शीटवाल्याला दिलेला माझा चेक परत गेला. पावतीवर माझं नाव सुंदर अक्षरात होतं.

देणगीवर आयकराची सूट हवी असेल तर संस्थेकडे त्यासाठीची (८०जी) नोंदणी आहे का ते आधी पाहा. मंडळीला दिलेल्या प्रत्येक पैशावर ती मिळतेच असं नाही. दोन हजारांवरची रोख देणगी तर धरलीच जात नाही. बाकी सीएला विचारा.

जाता जाता: "बियाणं पेर, शंभरपट येईल" असं सांगून कर्ज काढायला लावणारा कुणी भेटला तर लूक १४:२८ दाखवा. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करा, असं तिथे स्वतः येशू सांगतो. आणि उपासनेनंतर बाहेरच्या बाकावर कुणी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायची विनंती केली तर नीतिसूत्रे ६:१-५ वाचून मग उत्तर द्या. मी आधी सही केली आणि नंतर वाचलं.

६. मंडळीतला माणूस कामावर घेताना

पाळकसाहेबांचा फोन येतो, "आपलाच मुलगा आहे, बघा जरा." बघा. पण ट्रायल घ्या, इतरांची घेता तशीच. वेल्ड मारायला लावा, हातोडीनं ठोकून बघा. पगार इतरांएवढाच ठेवा, आणि कामाबद्दलची तक्रार मंडळीत न्यायची नाही हे पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंनी ठरवा.

या बाबतीत मंगळूरचं उदाहरण मला नेहमी आठवतं. आपल्या कोकणात घराघरांवर जी मंगळुरी कौलं दिसतात, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या मिशनरी संस्थेनं १८६५ मध्ये जेप्पू इथे काढला. गेऑर्ग प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्यानं तिथल्या मातीवर प्रयोग करून कौल बसवलं. हेतू उत्तम होता: ख्रिस्ती झाल्यामुळे जातीचा धंदा आणि आसरा गेलेल्या लोकांना काम. कौलं चांगली निघाली, धंदा वाढला, विणकामाचे कारखानेही होते. पण काम देणारा, उपासना घेणारा आणि छप्पर देणारा हात एकच झाला की माणूस कशाला नाही म्हणणार? कोण विश्वासानं आलं आणि कोण पोटासाठी, ही शंका मिशनच्या लोकांनाही सोडत नसे. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं हे कारखाने ताब्यात घेतले. आपल्या चौदा माणसांच्या शेडमध्येही तोच पेच लहान आकारात असतो.

म्हणून माझ्याकडे शेडमधली प्रार्थना सकाळी पावणेनऊला होते आणि हजेरी नऊला लागते. ज्याला यायचं तो येतो. हजेरीत तिची नोंद नाही, बढतीत तिचा विचार नाही. बहुतेक दिवशी आम्ही तिघंच असतो. ज्याची भाकरी आपल्या हाती आहे, त्याचा होकार खरा किती, ते आपल्याला कधीच कळत नाही. वारीला जाणाऱ्या माझ्या हेल्परला आषाढात सुट्टी असते आणि ग्राइंडरवाल्याला शुक्रवारी दुपारी तासभर. त्यांनी ती मागायच्या आधीच कॅलेंडरवर खूण असते.

७. रविवार

निर्गम २० मधली विसाव्याची आज्ञा नीट वाचा. त्यात मालकाबरोबर दास, दासी, जनावर आणि वेशीच्या आतला परका अशी सगळी यादी आहे. मालक उपासनेत आणि माणसं शेडमध्ये अर्जंट डिलिव्हरीला, हे त्यात बसत नाही. अर्जंट कामाचं कारण बहुतेक वेळा मंगळवारी झालेली आपली चूक असतं. साप्ताहिक सुट्टी सगळ्यांना एकदम द्या आणि त्या दिवशी फोन करू नका. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग पाठवणं म्हणजेही फोनच.

८. चूक झाली तर कसं बोलायचं

मत्तय १८:१५ पासूनची पद्धत शेडमध्ये कमालीची लागू पडते. पहिल्यांदा एकट्याला बाजूला घेऊन, मशीन बंद असताना. सुधारणा झाली नाही तर सुपरवायझरला बरोबर घेऊन, तारीख लिहून. तिसऱ्यांदा लेखी. चारचौघांत आई-बहिणीवरून ओरडणारा सुपरवायझर कितीही कामाचा असला तरी आधी त्याच्याशी बोला.

काढावं लागलं तर काढा. प्रेम म्हणजे कुणाला कधी काढायचंच नाही, हा गैरसमज मी चार वर्षं बाळगला. एक माणूस पिऊन प्रेसवर उभा राहायचा आणि मी क्षमा करत राहिलो. एके दिवशी बोट गेलं ते शेजारच्या मुलाचं. काढलेल्या माणसाचा सगळा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करा आणि रिकाम्या हाती पाठवू नका (अनुवाद १५:१३).

९. टक्केवारी

खरेदी विभागातला माणूस हसत विचारतो, "आमचं काय?" उत्तर आधीच तयार ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. माझं ठरलेलं वाक्य: "साहेब, दर आधीच घासून लावलाय, यात तेवढी जागा नाही. बिलात दिसेल अशी सूट हवी असेल तर कंपनीला देतो." एकदा मी दिले होते, रोख, पाकिटात. त्यानंतर त्या कंपनीत माझ्या मालाचं रिजेक्शन झालं की मला तोंड उघडता येईना. लाच डोळसांना आंधळं करते असं निर्गम २३:८ म्हणतं. देणारा मुका होतो ते मी शिकलो.

सरकारी तपासणीसाठी कागद वर दिलेल्या यादीप्रमाणे पूर्ण ठेवा. फाइल पूर्ण असली की मागणाऱ्याचा आवाज खाली येतो. काम कधी अडतं, महिना-दोन महिने. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच अर्ज करा.

१०. भंगार

लेवीय १९:९-१० म्हणतं, कापणी करताना शेताचे कोपरे सोडा, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाची आणि परक्याची. रूथ ही परकी विधवा बवाजाच्या शेतात याच नियमावर जगली. वर्कशॉपला कोपरे कुठले? तुकडे, कातरण, वेल्डिंग रॉडची टोकं. आमच्याकडे भंगार दोन महिन्यांनी विकतो, बिल करून. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, बिनबिलाचं विकून पुण्य मिळवू नका. कर वजा जाता उरलेली रक्कम कामगारांच्या पेटीत जाते. चावी त्यांच्यातल्याच दोघांकडे. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या बहिणीचं बाळंतपण, ते ठरवतात. मी विचारत नाही. पेटी सुरू झाल्यापासून पाइप कापताना तुकडे कमी निघतील अशी माझी भीती होती, की मुद्दाम जास्त निघतील अशी, आता आठवत नाही. दोन्ही झालं नाही.

११. तुम्हाला विचारणारा एक माणूस

मालकाला कुणी विचारत नाही, हाच धंद्यातला मोठा धोका. मोशेला सुद्धा सासऱ्यानं सांगावं लागलं की तू एकट्यानं हे करून थकून जाशील, दहांवर, पन्नासांवर माणसं नेम (निर्गम १८). असा एक माणूस शोधा. तुमचा गिऱ्हाईक नको, देणेकरी नको, आणि शक्यतो स्तुती करणारा नको. मी एका निवृत्त बँक मॅनेजरांना धरलं. ते मंडळीत माझ्या मागच्या बाकावर बसतात.

दर तीन महिन्यांनी त्यांच्यासमोर चार गोष्टी ठेवायच्या: पगार कोणत्या तारखेला झाला, ईएसआयची चलनं, पुरवठादारांची थकबाकी, आणि मी स्वतः किती घेतले. पहिल्या वेळी मी नफ्याचा तक्ता घेऊन गेलो होतो. त्यांनी तो बाजूला ठेवला, चष्मा चढवला आणि म्हणाले, "हजेरीवही कुठंय?"